दोन रानांची सहल : सागरेश्वर आणि चांदोली

शाळू हुरड्याला आला आणि उसाच्या तोडी लागल्या, की आपल्याकडे घरोघरी सहलीचे बेत निघतात. आपली सहल म्हणजे बहुतेक देवदर्शनच. पंढरपूर, औदुंबर, जोतिबा, गोंदवले. जमलेच तर वाटेत एखादा किल्ला. यंदा मी घरच्या मंडळींपुढे निराळा बेत मांडला. म्हटले, एक दिवस सागरेश्वर आणि एक दिवस चांदोली अशी दोन राने बघू. दोन्ही आपल्या जवळचीच आहेत. हरणे दिसतील, नशिबात असले तर गवेही दिसतील.

माझी थोरली बहीण, आमची आक्का, सागरेश्वरच्या डोंगराखालच्याच एका गावात दिलेली आहे. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "हरणं बघायला तिकीट काढायचं? आरं, रोज राती फुकट येत्यात की आमच्या शाळवात! तूच ये मुक्कामाला, दाखवते."

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही, कारण आक्काचे म्हणणे खोटे नव्हते. विस्तार अधिकारी म्हणून गावोगाव हिंडताना माझी बरीच वर्षे गेली. कुणाचा शाळू, कुणाचा हरभरा, कुणाचे भुईमुगाचे वेल, असे रानातल्या जनावरांनी केलेले नुकसान मी कितीतरी वेळा बांधावर उभे राहून बघितले आणि कागदावर लिहिले. पण ती जनावरे ज्या रानातून येतात, त्या रानात बायकामुलांना घेऊन मी कधी गेलो नव्हतो. शेतकऱ्याच्या घरातले माणूस अभयारण्य म्हटले की कपाळाला आठ्या घालते, आणि शहरातले माणूस तेच बघायला शे-दीडशे मैल मोटार हाकत येते. यात काहीतरी चुकते आहे असे मला वाटत होते. म्हणून आक्काचीच समजूत काढली. म्हटले, "तुझ्या शाळवात येणारी हरणं त्यांच्या घरी कशी राहतात, ते तरी बघ." ती तयार झाली. दाजी, दोन नातवंडे आणि शेजारचे एक म्हातारे आबा एवढी मंडळी सोबत निघाली.

माणसांनी उभे केलेले रान

सागरेश्वर अभयारण्य सांगली जिल्ह्यात कडेगाव, पलूस आणि वाळवा या तीन तालुक्यांच्या शिवेवर आहे. ताकारी रेल्वे स्टेशनापासून ते जवळ पडते. पायथ्याला देवराष्ट्रे गाव. यशवंतराव चव्हाणांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी याच गावात झाला, आणि अभयारण्यालाही त्यांचेच नाव दिलेले आहे. सागरेश्वराचे देऊळ व त्याच्या भोवतीची लहान लहान जुनी देवळे आपल्यापैकी अनेकांनी श्रावणी सोमवारी बघितली असतील. देवाला जाणारे पुष्कळ, पण देवळामागचा डोंगर चढणारे थोडे.

क्षेत्र फार मोठे नाही. १०.८७ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने २,७०० एकरांच्या आतबाहेर. पण या रानाची गंमत निराळी आहे. कोकणकड्यावरचे जंगल निसर्गाने वाढवले, तर हे माणसांनी उभे केले. दाजी सांगत होते, त्यांच्या लहानपणी हा डोंगर उघडाबोडका होता. शेळीलासुद्धा धड पाला मिळत नसे. पावसाळ्यात लाल पाण्याचे लोट खाली येत आणि पायथ्याच्या रानात मुरूम पसरवून जात. अशा डोंगरावर झाडे लावायची आणि तिथे हरणे सोडायची, हा ध्यास घेतला मोहित्यांचे वडगाव येथील धों. म. मोहिते यांनी. पुढे लोक त्यांना वृक्षमित्र म्हणू लागले. त्यांनी गावकऱ्यांना आणि वन खात्याला या कामाच्या मागे लावले. रोपे लागली, चराई थांबली, भोवती कुंपण आले. सांबर, चितळ, काळवीट बाहेरून आणून सोडले गेले. १९८५ साली शासनाने अभयारण्य जाहीर केले.

या डोंगरावर बारमाही पाणी नाही. म्हणून जनावरांसाठी पाणवठे बांधलेले आहेत आणि उन्हाळ्यात त्यांत पाणी आणून भरावे लागते. म्हणजे आपण गोठ्यातल्या जनावराला पाणी दाखवतो तसेच म्हणा ना. आम्ही सकाळी लवकर गेलो होतो. वनरक्षकाने एका झुडपाआड बसवले आणि बोलू नका म्हणून बजावले. पंधरा-वीस मिनिटांनी चितळांचा कळप उतरला. पुढे एक जाणती मादी. ती थांबली, कान फिरवले, पुढचा एक पाय आपटला, मग पुढे आली. तिच्यामागून बाकीच्या माद्या आणि पाडसे.

आक्का कुजबुजली, "ती मधली बघ, नुकतीच व्यालीय. कास भरलीय तिची." वनरक्षक तिच्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "मावशी, इथं इतकी माणसं येत्यात, पण हे कुणी बोललं नव्हतं." शेतकऱ्याच्या घरातले माणूस जनावराकडे बघते ते असे. शहरातल्या पाहुण्याला ठिपके दिसतात आणि आपल्याला कास दिसते.

दाजींची नजर नराच्या शिंगांवर. त्यांवर मखमलीसारखी लव होती. वनरक्षकाने समजावून सांगितले की चितळाची आणि सांबराची शिंगे दर वर्षी गळतात आणि नवी येतात. नवी वाढत असताना त्यांवर अशी लवेची कातडी असते. पुढे ती वाळते आणि नर झाडाच्या खोडावर घासून काढून टाकतो. काळविटाचे तसे नाही. त्याची पिळाची शिंगे आपल्या बैलाच्या किंवा बोकडाच्या शिंगांसारखी, एकदा आली की जन्मभराची. नातवंडांनी हे घरी जाऊन चार पोरांना तरी सांगितले असेल.

खुराची ओळख

पाणवठ्याच्या कडेला ओली माती होती. वनरक्षकाने काठीने एक ठसा दाखवला. म्हणाला, "हे चितळ. खूर अरुंद, पुढं टोकदार. शेळी-मेंढीचा खूर पुढं बोथट असतो, फाकलेला. डुकराच्या ठशात मऊ मातीत मागं दोन बारके खड्डे दिसत्यात."

तो बोलत होता आणि मला वीस वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवत होती. ती इथे लिहितो, कारण ती माझी चूक आहे. असाच शाळवाचा हंगाम होता. एका शेतकऱ्याच्या रानातले शेंडे रातोरात खाल्ले गेले. पाहणीला मी होतो. माझे मत विचारले गेले. शेजारच्या रानात एका धनगराच्या मेंढ्या बसायला होत्या. बांधावर ठसे होते, पण मला ते ओळखता आले नाहीत. नुसत्या खाण्यावरून मी म्हणालो की हे मेंढरांचे काम दिसते. आता कळते, खाण्यावरून हे सांगताच येत नाही. मेंढी काय आणि हरीण काय, दोघांनाही वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे दोघेही पाला सारखाच तोडतात. माझ्या त्या एका वाक्याने शेतकऱ्याची भरपाई गेली. धनगराला शिव्या खाव्या लागल्या आणि त्याच संध्याकाळी वाडा हलवावा लागला. बी.एस्सी.ला पिकाचे रोग शिकलो, किडी शिकलो, पण हरणाचा खूर मला कुणी दाखवला नाही आणि मीही कुणाला विचारला नाही. त्या दोघांचे मी देणे लागतो.

डोंगराच्या माथ्यावर गेलो. एका बाजूला खाली कृष्णेचे वळण आणि नजर जाईल तिथवर ऊस. दुसऱ्या बाजूला कडेगाव-खानापूरकडची उंच, एके काळची कोरडी राने. ताकारी उपसा योजनेने कृष्णेचे पाणी उचलून तिकडे नेले आहे. आबा तेव्हा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, "पाणी इथनं दिसतंय खरं, पण ते येतंय कुठनं, ते उद्या बघा."

पावसाच्या घरी

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून शिराळा, कोकरूड, आरळा अशा वाटेने वारणावती गाठली. शिराळ्याच्या पुढे देखावा पालटतो. ऊस मागे पडतो, भाताची खाचरे लागतात, घरांची छपरे उतरती होतात, डोंगर अंगावर येतात. आपला सांगली जिल्हा मोठा अजब आहे. आटपाडी, जतकडे वर्षाला पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक देवाला नारळ फोडतात. इकडे चांदोलीच्या माथ्यावर त्याच्या कितीतरी पट पाऊस. सातारा जिल्ह्याच्या टोकाला, या रानाच्या अंगाला पाथरपुंज नावाचे गाव आहे. तिथे काही वर्षी सात हजार मिलिमीटरच्या वर नोंद झालेली आहे.

चांदोलीचे रान सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत पसरलेले. तेही १९८५ साली अभयारण्य झाले, आणि २००४ साली ३१७.६७ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान. त्याच्या उत्तरेला कोयना अभयारण्य, तेही १९८५चेच. २०१० साली ही दोन्ही राने मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारसा म्हणून घेतल्या, त्यांत कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी या आपल्याकडच्या चार. अलीकडे, २०२५च्या नोव्हेंबरात, ताडोब्याच्या रानातली एक वाघीण इथे आणली गेली. आम्हाला वाघ दिसला का, असे विचारू नका. तो दिसावा म्हणून इथे येऊ नये.

दिसले ते सांगतो. उंच झाडावर शेकरू दिसले. शेकरू म्हणजे आपल्या राज्याचा प्राणी, तांबूस पाठीची मोठी खार. एका फांदीवरून दुसरीवर तिने अशी झेप घेतली, की नातू टाळ्या वाजवणार, तेवढ्यात त्याच्या आजीने त्याचे हात धरले. मग झोळंबीच्या सड्याकडे जाताना लांबवर गव्यांचा कळप. गवा म्हणजे रानरेडा नव्हे आणि रानगायही नव्हे. गाईगुरांच्याच कुळातले, पण वेगळे जनावर. काळाभोर देह, पाठीवर उंच कणा आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. मोठा नर आठशे-हजार किलोपर्यंत भरतो. दाजी बैलांचे शौकीन. ते कितीतरी वेळ नुसते बघत उभे राहिले.

खाली वसंतसागर जलाशय पसरला होता. वारणेचे हे धरण ३४.४० टी.एम.सी.चे. पलीकडे कोयनेचा शिवसागर १०५.२५ टी.एम.सी.चा. कोयना कऱ्हाडला कृष्णेला मिळते, वारणा सांगलीजवळ हरिपूरला. टेंभू आणि ताकारीच्या पंपांनी उचललेल्या पाण्यात कोयनेचा वाटा असतो, म्हैसाळच्या पाण्यात वारणेचाही. माथ्यावर झाडोरा आहे म्हणून पाऊस जमिनीवर एकदम आपटत नाही. पाल्यापाचोळ्यात मुरतो, झऱ्यांनी सावकाश उतरतो, आणि धरणात गाळ कमी येतो. हे शेतकऱ्याला वेगळे शिकवायला नको. ज्याने बांध फुटलेला बघितला आहे, त्याला मुरलेल्या पाण्याची किंमत ठाऊक असते. या रानाला आपण आपल्या विहिरीचा वरचा काठ म्हटले पाहिजे.

आबांची ताल

आता आबांविषयी. आबा मूळचे याच खोऱ्यातले. धरण झाले, मग अभयारण्य झाले, आणि या खोऱ्यातली गावे उठली. कुणी पाण्यामुळे, कुणी जंगलामुळे. माणसे सांगली-कोल्हापूरकडच्या पुनर्वसन वसाहतींत विखुरली. जमीन कागदावर आधी मिळाली, पाणी मागाहून, आणि काहींना दोन्हींसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. आबा उठून गेल्यापासून इकडे एकदाही आले नव्हते. आक्काने हट्ट धरला म्हणून आले.

एका वळणावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. सोबतच्या वाटाड्याने परवानगी दिली, पण रस्ता सोडू नका म्हणाला. उतारावर गवत माजले होते. नीट बघितल्यावर त्या गवतात पायऱ्या दिसू लागल्या. दगडी ताली, एकाखाली एक. आबा बोटाने मोजू लागले. "ही आमची. ही चुलत्याची. ती खालची, तिच्यात नाचणी लई पिकायची. वरच्या अंगाला वरी." मग थोडा वेळ गप्प. आम्हाला वाटले, म्हातारा आता रडेल. पण ते म्हणाले, "माझ्या बानं घातलेली ताल हाय. अजून एक दगड हललेला न्हाय."

मी जवळ जाऊन बघितले. खरोखरच, तालीच्या आत माती जशीच्या तशी होती आणि त्या मातीवर गवत कमरेएवढे. वाटाड्या म्हणाला, "गवं बहुतेक असल्या जागीच चरायला येत्यात. दाट झाडीत त्यांना असलं गवत न्हाय मिळत." म्हणजे या राष्ट्रीय उद्यानातला गवा आज जे गवत खातो, ते एका शेतकऱ्याने दगड वाहून राखलेल्या मातीत उगवते. सहलीला येणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. त्याला वाटते की हे सगळे पहिल्यापासून असेच होते.

आबांनी वाटाड्याला आणखी एक गोष्ट दाखवली. वरच्या आंब्याच्या अंगाला एक जिवंत झरा होता, उन्हाळ्यातही न आटणारा. आता तो पाचोळ्याने बुजला असावा. वाटाड्याने खिशातली वही काढून जागा लिहून घेतली. उन्हाळ्यात जनावरांना उपयोगी पडेल, म्हणाला. परतताना आबा गाडीत बरेच बोलले. आले तेव्हापेक्षा मोकळे झालेले दिसले. पण "बरं वाटलं का?" असे आक्काने विचारले, तेव्हा मान हलवून म्हणाले, "बरं कसं वाटंल? बघितलं, एवढंच."

सातारकडच्या वाचकांसाठी

सातारकडच्या मंडळींना जवळ पडणाऱ्या दोन जागा सांगतो. एक कासचे पठार. ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे फुलांचे गालिचे पसरतात. गर्दी आवरण्यासाठी तिथे पूर्वी कुंपण घातले होते. गुरे यायची बंद झाली, गवत उंच वाढले, आणि फुले कमी झाल्याची तक्रार होऊ लागली. पुढे ते कुंपण काढले गेले. गुरांनी गवत बेताने खाल्ले तर खालच्या बुटक्या रोपाला ऊन मिळते, हे कुठलाही गुराखी सांगू शकला असता. दुसरी जागा खटाव तालुक्यातला मायणीचा तलाव. पाणी बेताचे असले तर हिवाळ्यात तिथे परदेशी पाहुणे पक्षी उतरतात, आणि साल चांगले असले तर रोहितही. तो परिसर आता पक्षी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेला आहे.

जाणार असाल तर

पावसाळ्यात चांदोलीचा प्रवेश बंद असतो, म्हणून दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंतचा काळ धरावा आणि निघण्याआधी वन खात्याच्या कार्यालयात चौकशी करावी. कासला हंगामात आधी नोंदणी करावी लागते. पहाटे पोहोचावे. दुपारी जनावर सावलीला बसते. भडक कपडे नकोत, अत्तर नको, टेपरेकॉर्डर किंवा मोबाईलवर गाणी तर मुळीच नकोत. भाकरी फडक्यात बांधून न्या, म्हणजे प्लॅस्टिक मागे राहणार नाही. माकडांना खायला घालू नका. त्यांना सवय लागली की ती पुढे तुमच्याच घराच्या कौलांवर येतात.

रानालगत शेती असणाऱ्यांना दोन शब्द जास्त सांगतो. गुरांना लाळ्या-खुरकताची लस वेळेवर टोचून घ्या. हा रोग गोठ्यातून गव्यांकडे जाऊ शकतो. पिकाचे नुकसान झाले तर ठसे तुडवू नका. चांगल्या ठशावर घमेले पालथे घालून ठेवा, फोटो काढा आणि लगोलग वन खात्याकडे अर्ज द्या. कुंपणात घरची वीज मात्र सोडू नका. त्याने हरीण मरते तसे माणूसही मरते. सौर कुंपणाचा झटका वेगळा असतो. त्याच्या अनुदानाची चौकशी वन कार्यालयात करा.

आम्ही परतून आठवडा झाला नसेल, तोच भल्या सकाळी आक्काचा फोन. "ये लवकर." मी घाबरून गेलो. बघतो तर शाळवाच्या दोन सऱ्यांचे शेंडे गेलेले, आणि बांधाकडेला तीन घमेली पालथी. तिने एक उचलले. म्हणाली, "बघ. अरुंद हाय, पुढं टोकदार. चितळच हाय ना?"

मी गुडघ्यावर बसून बघितले. चितळच होते. तिने नातवाकडून अर्जही लिहून घेतला होता. फक्त तारीख घालायची राहिली होती, ती मी घातली.